पाळीव प्राण्यांची ऑनलाइन सेवा : धंदा विश्वासाचा

चंद्रपूर-गडचिरोली भागात स्वतःचं काही सुरू करू पाहणारी मुलं-मुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, कुत्र्या-मांजरांसाठी ऑनलाइन सेवा काढली तर इथं चालेल का?" मी पशुवैद्यक आहे. माझी नोकरी याच दोन जिल्ह्यांत, गाईगुरांत आणि शेळ्या-कोंबड्यांत गेली. कुत्रा घेऊन दवाखान्यात येणारा माणूस पूर्वी क्वचित दिसे. आता तो रोज दिसतो. म्हणून हा प्रश्न मला रास्त वाटतो.

माझं उत्तर 'चालेल' असंच असतं. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एक दुकान असतं. खाद्याच्या पिशव्या, पट्टे, साखळ्या, शाम्पू यांची छायाचित्रं मोबाइलवर टाकायची आणि मागणी आली की माल पाठवायचा. हे काम मोठ्या कंपन्या करताहेत आणि त्यांच्या भावाशी इथल्या तरुणाला टक्कर देता येणार नाही. प्राणी पाळणाऱ्याची खरी अडचण वस्तूंची नसतेच. माझ्या मुक्या जनावराकडे वेळेवर कोण पाहील, ही त्याची अडचण आहे. जो ती सोडवील त्याचा धंदा टिकेल. इंटरनेट हे त्याचं साधन आहे, माल नाही.

जगाचा अनुभव

या धंद्यातली सर्वांत गाजलेली फजिती अमेरिकेतली आहे. 'पेट्स डॉट कॉम' नावाची कंपनी १९९८ च्या अखेरीस इंटरनेटवर आली. हातमोज्यासारख्या मोज्याचा एक बाहुला-कुत्रा तिच्या जाहिरातीत बोलायचा आणि तो घराघरात लोकप्रिय झाला. फेब्रुवारी २००० मध्ये कंपनीने शेअर बाजारातून ८ कोटी २५ लाख डॉलर उभे केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे अवघ्या नऊ महिन्यांत, तिने गाशा गुंडाळला. कारण साधं होतं. कुत्र्याच्या खाद्याची पिशवी जड असते आणि तिच्यात नफा थोडा असतो. ती दूरवर पोहोचवायला जो खर्च येई, तो त्या नफ्यातून निघत नसे. शिवाय गिऱ्हाईक ओढण्यासाठी माल खरेदीच्या किमतीपेक्षाही स्वस्त विकला जाई. जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त!

मग याच अमेरिकेत २०११ मध्ये रायन कोहेन आणि मायकेल डे यांनी 'च्युई' सुरू केली. माल तोच होता, जड पिशव्याच होत्या. तरी सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, 'पेटस्मार्ट' या दुकानसाखळीने ती ३३५ कोटी डॉलरना विकत घेतली. फरक कशात पडला? एक तर त्यांनी नेमाने माल पाठवण्याची सोय केली. कुत्रा महिन्याला किती खातो हे एकदा कळलं की पिशवी संपायच्या आत दुसरी दारात हजर. मालकाला लक्षात ठेवावं लागत नाही आणि कंपनीला गिऱ्हाईक पुन्हा शोधावं लागत नाही. दुसरं म्हणजे फोनवर बोलणारी माणसं. एखाद्याचा कुत्रा गेल्याचं कळलं तर ही कंपनी कधी हाताने लिहिलेलं पत्र पाठवते, कधी फुलं पाठवते. हिशेबाच्या वहीत याची नोंद होत नसेल, पण मालक ते आयुष्यभर विसरत नाही.

तिसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. २०११ मध्येच सिएटल शहरात 'रोव्हर' सुरू झाली. तिने काहीच विकलं नाही. गावाला जाणाऱ्यांच्या कुत्र्यांना आपल्या घरी सांभाळणारी माणसं शोधली, त्यांची माहिती आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय सर्वांपुढे ठेवले आणि सांभाळणाऱ्याच्या मेहनतान्यातला सुमारे पाचवा हिस्सा स्वतः घेतला. ब्लॅकस्टोन या गुंतवणूकदार कंपनीने २०२४ मध्ये ती सुमारे २३० कोटी डॉलरना घेतली. इथं विकलं गेलं ते फक्त 'हा माणूस भरवशाचा आहे' हे आश्वासन.

आपल्याकडे पुण्यात २०१८ मध्ये अनुष्का अय्यर यांच्या पुढाकाराने 'विगल्स' उभी राहिली आणि बंगळूरमध्ये २०२१ साली 'सुपरटेल्स'. मालाची विक्री दोघांनीही केली, पण पशुवैद्यकाचा सल्ला हा दोघांच्याही कामाचा भाग झाला. मोठ्या शहरातल्या कंपन्यांनाही शेवटी प्रत्यक्ष तपासणारे हात शोधावे लागले, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

चंद्रपूरचं गिऱ्हाईक

आता आपल्या गावाकडे वळू. चंद्रपुरात कुत्री-मांजरं कोण पाळतं? ऊर्जानगरातल्या वीज केंद्राची वसाहत, वेकोलिच्या खाणींच्या वसाहती, भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी, बल्लारपूरची पेपर मिल, सिमेंट कारखाने यांतले कर्मचारी. त्यातले बरेच बाहेरगावचे. सणाला, लग्नाला गावी जायचं तर कुत्रा कुठं ठेवायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. बदली झाली तर त्याला रेल्वेने न्यायचं कसं, हा दुसरा. म्हातारे आईवडील इथं आणि मुलगा पुण्याला किंवा परदेशात, अशी घरंही वाढली आहेत. कुत्र्याला दवाखान्यात न्यायला घरात तरणं माणूस नाही. अवघड शस्त्रक्रिया किंवा तपासण्या असतील तर दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कोणत्या वेळी जायचं, जाताना काय न्यायचं, हे सांगणारंही कोणी नसतं.

त्यात आपलं हवामान. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्याला तर धापही नीट टाकता येत नाही. म्हणून इथल्या सेवेचं वेळापत्रकच वेगळं हवं. मे महिन्यात सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी कोणताही प्राणी गाडीतून हलवायचा नाही, असा नियम करून तो गिऱ्हाइकाला लेखी द्यावा. पाऊस सुरू झाला की गोचीड वाढतात आणि त्यांच्यापासून होणारे ताप कुत्र्याचं रक्त कमी करून टाकतात. घोणस, नाग, मण्यार हे तर आपल्या परसातले पाहुणे. कुत्रा नाकाने हुंगत पुढे जातो, त्यामुळे दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो.

आणि बिबट्या! वीज केंद्र आणि खाणींच्या भोवतीच्या झुडपांत बिबटे वावरतात, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रण, आणि त्याच्यामागे माणसांवरचं संकट. कुत्र्यांचं पाळणाघर चालवणाऱ्याने रात्री प्राणी बंद खोलीतच ठेवायला हवेत. पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या नियमावलीत हे कलम सापडणार नाही. इथल्या माणसाचं भांडवल ते हेच.

सुरुवात वहीपासून

मग सुरुवात कुठून करायची? मी सांगतो, वहीपासून. संगणकावरची असो की कागदाची, प्रत्येक प्राण्याचं एक पान हवं. नाव, जात, वय, वजन, आधीचे आजार, कशाची ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर आणि लसींच्या तारखा. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी बुस्टर. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंतनाशक. ही तारीख मालकाच्या लक्षात राहत नाही. ती आठवडाभर आधी कळवणं हीच तुमची पहिली सेवा. अमेरिकेत 'च्युई'ने पिशवीबाबत जे केलं, ते इथं लसीबाबत करायचं आहे.

दुसरी पायरी माणसांची. दोन-तीन नोंदणीकृत पशुवैद्यक, आंघोळ घालणं आणि नखं कापणं जाणणारे दोन मदतनीस आणि कुत्रा सांभाळायला तयार असलेली पाच-सहा कुटुंबं. ही कुटुंबं निवडताना घर स्वतः जाऊन पाहावं. कुंपण कसं आहे, लहान मुलं आहेत का, कुत्रा आजारी पडला तर रात्री गाडी मिळेल का? वर्षभरात त्या घरात पार्व्होने पिल्लू दगावलं असेल तर तिथं दुसरं पिल्लू ठेवू नये, कारण हा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटीत महिनोन् महिने जिवंत राहतो. लसीचा दाखला पाहिल्याशिवाय कोणताही कुत्रा दाखल करून घ्यायचा नाही, मग तो कितीही मोठ्या साहेबाचा असो.

आणखी एक गोष्ट. कोणतं घर कोणत्या तारखांना बंद राहणार, हे या धंद्यात तुम्हाला कळतं. कधी किल्लीही तुमच्याकडे येते. म्हणून मदतनीसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी आणि ही माहिती कोणाच्याही मोबाइलवर भटकू देऊ नये. कुत्रा सुखरूप परत आला आणि घरात चोरी झाली, तर तुमचा धंदा त्याच दिवशी बुडाला म्हणून समजा.

फोनवर काय सांगायचं, काय नाही

ऑनलाइन सेवेत धोक्याची जागा ही आहे. फोन येतो, "डाक्टरसाहेब, टायगर दोन दिवसांपासून काही खाऊन नाही राहिला जी, कोणती गोळी देऊ?" फोन घेणारा मुलगा हुशार असतो, त्याने इंटरनेटवर वाचलेलं असतं, आणि तो गोळीचं नाव सांगून मोकळा होतो. हे कधीही करू नये. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी जीव जातो. आपल्या घरातली तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात ती परमेथ्रिनची काही औषधं मांजराच्या अंगाला लागली तरी ते झटके येऊन मरू शकतं.

फोन घेणाऱ्यासमोर भिंतीवर एक यादी लावलेली असावी. बोका लघवीसाठी वारंवार बसतो पण होत नाही, पोट अचानक फुगलं आहे, श्वास लागला आहे, झटके येताहेत, साप चावला असावा, उन्हाने जनावर कोसळलं आहे, पिल्लाला रक्ताची हगवण लागली आहे. यांपैकी काहीही ऐकलं की एकच उत्तर द्यायचं : ताबडतोब दवाखान्यात. उन्हाने कोसळलेल्या कुत्र्यावर वाटेतही साधं पाणी ओतत राहा, पंखा घाला, बर्फात बुडवू नका, एवढं सांगता येईल. बाकीचं डॉक्टर पाहतील.

लस घरपोच पाठवण्याचा मोहही टाळावा. ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात कुरिअरच्या खोक्यात तिचं पाणी होतं. दिसायला ती तशीच दिसते, सुई टोचली जाते, मालक निश्चिंत होतो, आणि संरक्षण मात्र शून्य. रेबीजच्या बाबतीत अशी निश्चिंती माणसाचा बळी घेऊ शकते, कारण लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून सहसा कोणी वाचत नाही. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच रुग्णालयात जायचं, हे तर प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

हिशेब

आता पैशांचं बोलू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, एका कुत्र्यासाठी वर्षाला दोनदा डॉक्टरांची घरी भेट ठरवून दिली आणि दर वेळी मालकाकडून १०० रुपये सेवाशुल्क घेतलं, तर २०० रुपये झाले. डॉक्टरांच्या फीमधून कट मात्र घ्यायचा नाही. तसं केलं की नको त्या सुया आणि नको त्या तपासण्या सुरू होतात. वर्षात सहा आंघोळी, प्रत्येकी ५०० रुपये, त्यातले ३५० मदतनिसाचे. तुमच्याकडे उरले ९००. आठ दिवस सांभाळणं, रोजचे ४०० रुपये, त्यातले ३२० त्या कुटुंबाचे. तुमच्याकडे ६४०. एकूण १,७४० रुपये एका कुत्र्यामागे वर्षाला.

पन्नास कुत्री असतील तर वर्षाचे ८७,००० होतात, म्हणजे महिन्याला ७,२५०. फोन, पेट्रोल, जाहिरातीची पत्रकं यांचा खर्च ७,००० धरला तर हाती काहीच नाही. दीडशे कुत्री झाली की महिन्याला २१,७५० येतात आणि खर्च जाऊन चौदा-पंधरा हजार उरतात. याचा अर्थ असा, की पहिली पन्नास घरं मिळेपर्यंत धीर धरायला हवा आणि मिळालेलं घर सोडायला नको. नव्या गिऱ्हाइकासाठी जाहिरात करण्यापेक्षा जुन्याला वेळेवर फोन करणं स्वस्त पडतं. वेबसाइटवर लाखभर रुपये आधी घालवू नका. मोबाइल, व्हॉट्सॲप आणि युपीआय एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

काय विकायचं नाही

थोडा पैसा दिसला की पिल्लं विकावीत असं वाटू लागतं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हे करता येत नाही. आपल्या जंगलभागात आणखी एक सावधगिरी हवी. पिंजऱ्यातला आपला देशी पोपट, मैना, चांदणी कासव हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं, विकणं गुन्हा आहे. 'मिठूचं खाद्य पाठवा' असा फोन आला तर पक्षी कोणता आहे हे विचारा आणि देशी पोपट असेल तर नम्रपणे नकार देऊन वन विभागाचा रस्ता दाखवा. एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

वस्तीचा कुत्रा आणि रानातला वाघ

गडचिरोलीची गोष्ट निराळी आहे. सुमारे सत्तर टक्के जंगल, वस्त्या विरळ, भामरागड-एटापल्लीकडे मोबाइलची रेंज भरवशाची नाही. पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे दर पावसाळ्यात ऐकतोच. सिरोंच्यात तेलुगू बोलावी लागते, चामोर्शी-मुलचेराच्या काही गावांत बंगाली, आणि आतल्या भागात गोंडी किंवा माडिया. तिथं कुत्रा कोणा एकाचा नसतो, तो सगळ्या वस्तीचा राखणदार असतो. त्याच्यासाठी ऑनलाइन पैसे कोण भरणार? गाईगुरांसाठी तिथं १९६२ हा सरकारी फोन क्रमांक आहे, फिरतं पशुवैद्यकीय पथक आहे. कुत्र्याचा वाली मात्र कोणी नाही.

आणि तरीही आपल्या धंद्याचा संबंध त्या कुत्र्याशी येतो. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजार होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांमधून तो पसरला, असं अभ्यासकांना आढळलं. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यातल्या काहींत हाच विषाणू सापडला. ताडोब्याच्या कडेच्या गावात लस न घेतलेला कुत्रा बिबट्याने किंवा वाघाने उचलला, तर काय होऊ शकतं याची कल्पना करा. ताडोब्यावर किती गाडीवाल्यांची, गाइडांची, हॉटेलवाल्यांची घरं चालतात, हे आपण जाणतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शहरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वर्षाच्या शुल्कातून थोडी ठरावीक रक्कम बाजूला काढावी. पशुसंवर्धन आणि वन विभागाला सोबत घेऊन वर्षातून एकदा जंगलालगतच्या एका गावातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे, तो दिवस त्याला बरा. किती कुत्र्यांना लस दिली, किती खर्च झाला, हे गिऱ्हाइकांना कळवावं. आपल्या घरच्या मोतीसाठी दिलेल्या पैशातून मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या एखाद्या कुत्र्याला लस मिळाली, हे कोणाला आवडणार नाही?

तेव्हा मित्रहो, ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी आधी आपल्या वसाहतीतल्या वीस घरी जाऊन वीस पानं भरावीत. पुढची लस कधी आहे ते विचारावं. बहुतेकांना ती तारीख सांगता येणार नाही. ती तुम्ही लिहून घ्या आणि त्या दिवसाच्या आठवडाभर आधी फोन करा. तेवढं वर्षभर न चुकता करता आलं, तर दुकानावरची पाटी आणि मोबाइलवरचं ॲप मागाहून करता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)